जब्बार पटेल : पडदा पडल्यावर काय उरते?

जब्बार पटेल यांचे नाव निघाले की आपल्यातला कोणीतरी हमखास विचारतो, ‘पण त्यांनी मुसलमानांवर काय केले?’ प्रश्न आपुलकीचा आहे, पण उत्तर चुकीच्या जागी शोधणारा आहे.

१९४२ साली पंढरपुरात जन्मलेल्या, सोलापुरात वाढलेल्या आणि पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात डॉक्टर झालेल्या या दिग्दर्शकाने सत्तेचा चेहरा न्याहाळला. तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’मधला नाना, ‘सामना’तला साखरसम्राट, ‘सिंहासन’मधला मुख्यमंत्री, ‘उंबरठा’तल्या महिलाश्रमाची व्यवस्था; माणसे बदलतात, पण दुबळ्याला वापरून घेण्याची रीत तीच राहते. ही रीत ज्यांना सोसावी लागते त्यांत आपणही आहोत. पटेलांचे आपल्याशी नाते आहे ते इथे.

‘घाशीराम’चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात झाला. ब्राह्मणविरोधाच्या आरोपावरून, एकोणीस प्रयोगांनंतर प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशनने तो थांबवला. तेव्हा कलावंत मंडळी बाहेर पडली, १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी उभी राहिली आणि १९७४ मध्ये नाटक पुन्हा रंगमंचावर आले. १९८० मध्ये ते युरोपातही गेले.

या नाटकाची संहिता आज कोणालाही वाचता येते. परंतु माणसांची ती रांग केव्हा डोलते, केव्हा पाठ फिरवते, केव्हा भिंत होऊन पलीकडचे पाप झाकते, हे निव्वळ वाचून उमगत नाही. भास्कर चंदावरकरांचे संगीत आणि कृष्णदेव मुळगुंदांचे नृत्यदिग्दर्शन यांच्यासह ती लय तालमीत घडली. १९७६ चा ‘घाशीराम’ चित्रपट युक्त या सहकारी गटाचा. त्यावरून पटेलांचा रंगमंचीय प्रयोग जोखता येणार नाही.

चित्रपटाचे तसे नाही. ‘जैत रे जैत’ आजही पाहता येतो आणि गो. नी. दांडेकरांची कादंबरीही हाताशी आहे. ‘सिंहासन’साठी अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांचा आधार घेतला गेला आणि पटकथा तेंडुलकरांनी लिहिली. मूळ आणि पडदा यांत काय गळले, काय वाढले हे ताडून पाहता येते. त्या कसोटीवर माझे मत असे की, राजकारणातले गुंतलेले धागे उकलताना पटेल सर्वांत धारदार असतात; २००० साली प्रदर्शित झालेल्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’मध्ये मात्र विषयाबद्दलचा आदर त्या धारेला काही ठिकाणी बोथट करतो.

नाटकाबाबत अशी पडताळणी करायची तर तालमीच्या वह्या, हालचालींच्या खुणा, दुरुस्त केलेल्या संहिता, छायाचित्रे, पत्रव्यवहार हेच साधन. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली सुरू झाले. चित्रफितींबरोबर पटकथा, भित्तिपत्रके, छायाचित्रे जपण्याची शिस्त तिथे रुजली. रंगभूमीच्या कागदांनाही तशीच शिस्त लाभली पाहिजे. घरातल्या ट्रंकेत पडलेली वही वाळवीला माहीत असते, अभ्यासकाला नाही.

आपल्या माणसांचा अभिमान बाळगणे सोपे आहे. त्यांचे कागद सांभाळणे आणि ते वाचून त्यांच्याशी वाद घालणे अवघड आहे. पटेलांच्या कामाची खरी कदर त्या अवघड वाटेनेच होईल.