दानपत्र, चूल आणि थकलेले शरीर : ‘बूढी काकी’चे एक पुनर्वाचन

प्रेमचंदांच्या ‘बूढी काकी’ या कथेचा आरंभ वार्धक्य हे बालपणाचेच पुनरागमन होय, अशा आशयाच्या एका सर्वसामान्य विधानाने होतो. हे विधान कथेचे सूत्र म्हणून स्वीकारले, की काकीचे रडणे हा हट्ट ठरतो, तिची भूक ही जिभेची हाव ठरते आणि कथा वृद्धांच्या स्वभावाविषयीची एक करुण गोष्ट होऊन बसते. अभ्यासक्रमांतून तिचे अध्यापन बहुधा याच अंगाने होत आले आहे. मात्र हे विधान मागे पडते न पडते तोच निवेदक एक आकडा देतो. काकीने पुतण्याच्या, म्हणजे बुद्धिरामच्या, नावे लिहून दिलेल्या मालमत्तेचे उत्पन्न वर्षाला दीड-दोनशे रुपयांहून कमी नव्हते. बालपणाचे रूपक आणि हा आकडा यांच्यात एक ताण आहे. बालकाच्या नावावर मालमत्ता नसते आणि ती त्याच्याकडून कोणी गोड बोलून लिहूनही घेत नाही.

काकीचे पती आणि तरुण मुलगे मरण पावले आहेत. डोळे, हात, पाय यांनी साथ सोडली आहे. शाबूत आहे ती केवळ रसना. येथे विकलांगतेचा विचार शरीरापुरता ठेवला तर कथेतील एक महत्त्वाची रचना नजरेतून निसटते. मोठ्या मुलाच्या तिलकाच्या दिवशी काकी आपल्या कोठडीतून तीनदा बाहेर पडते. पहिल्यांदा ती हातांवर सरकत कढईपाशी पोहोचते आणि रूपा, म्हणजे बुद्धिरामची पत्नी, तिला झिडकारून परत पाठवते. दुसऱ्यांदा ती पाहुण्यांच्या पंगतीत येते आणि बुद्धिराम तिला ओढत नेऊन अंधाऱ्या कोठडीत टाकतो. तिसऱ्यांदा, मध्यरात्रीच्या सुमारास, धाकटी लाडली तिचा हात धरून तिला नेते. तिन्ही वेळा शरीर तेच आहे, अंगणही तेच. बदलतो तो केवळ हात : झिडकारणारा, ओढणारा, धरणारा. आणि ज्या एका प्रवासात तिला आधार मिळतो, तो उष्ट्या पत्रावळींपाशी संपतो.

ब्रिटनमधील अपंगांच्या चळवळीतून १९७० च्या दशकात आकाराला आलेले विकलांगतेचे सामाजिक प्रतिमान शारीरिक उणीव आणि समाजाने उभे केलेले अडथळे यांत भेद करते. हा भेद येथे उपयोगी पडतो, पण अपुराही ठरतो. त्या प्रतिमानाच्या डोळ्यांसमोर प्रामुख्याने कामाची जागा, रस्ता, वाहन, सार्वजनिक इमारत आहे. काकीचा अडथळा कोठडी आणि चूल यांच्यामधल्या काही पावलांत आहे, आणि तो विटांचा नसून कागदाचा आहे. मालमत्ता हाती असेपर्यंत तिच्या मंदावलेल्या दृष्टीलाही घरात किंमत असणार. सही झाल्यावर तीच दृष्टी ओझे झाली. कथा हे उघड सांगत नाही. मात्र लिहून घेतानाच्या भरघोस आश्वासनांचा आणि नंतरच्या उपेक्षेचा क्रम ती स्पष्ट ठेवते.

या व्यवहाराला कायद्याचीही एक बाजू आहे. पती आणि मुलगे गमावलेल्या हिंदू विधवेच्या हाती त्या काळी मालमत्ता आली तरी ती मर्यादित हक्काने येई. तिच्या पश्चात ती पुरुष वारसांकडे वळत असे. विधवांच्या संपत्तिहक्काचा कायदा १९३७ चा, प्रेमचंदांच्या मृत्यूनंतरच्या वर्षातला. पूर्ण मालकीसाठी १९५६ उजाडावे लागले. म्हणजे बुद्धिरामला जे कदाचित वाट पाहून मिळाले असते, ते त्याने आधीच लिहून घेतले. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासंबंधीच्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ नेमक्या अशाच दानपत्राला उद्देशून आहे : सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास, परत मागता येते. ही अट लेखात असावी लागते की व्यवहारातून ओळखता येते, हा वाद पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. काकीला तर लेखी अट घालण्याचे भानही नव्हते. तिच्याजवळ होते ते फक्त पुतण्याचे शब्द.

कथेतील लिंगभावाची मांडणी सर्वांत बोलकी आहे ती शेवटी. कागद बुद्धिरामकडे आणि चूल रूपाकडे, अशी या घरातील सत्तेची वाटणी आहे. म्हणून रोजची क्रूरता रूपाच्या हातून घडताना दिसते, आणि पश्चात्तापही तिच्याच वाट्याला येतो. एक ब्राह्मणी दुसऱ्यांच्या उष्ट्या पत्रावळी चाचपडते आहे, हे पाहून रूपा हादरते. या हादऱ्यात भुकेची जाणीव किती आणि विटाळाचे, दैवी कोपाचे भय किती, हे वेगळे काढणे अवघड आहे. काकीच्या जागी दुसऱ्या जातीची म्हातारी असती तर कथेला हा कळसाध्याय मिळाला असता का, ही शंका राहते. तरीही रूपाच्या मनातील पश्चात्तापात तो दोनशे रुपयांचा आकडा पुन्हा उमटतो. निवेदक ज्याला बालपण म्हणतो, त्याचा हिशेब रूपाला ठाऊक आहे. प्रेमचंदांची थोरवी त्या आरंभीच्या विधानात नसून या ठिकाणी आहे.

बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या ‘पथेर पांचाली’तील (१९२९) इंदिर ठाकरुणजवळ लिहून देण्यासारखे काहीच नाही. कुलीन विवाहप्रथेने तिला नावापुरता पती दिला आणि आयुष्यभर परक्या घराचे आश्रितपण. तिला घराबाहेर काढणारी सर्वजया स्वतःच अर्धपोटी आहे, त्यामुळे तेथे रूपासारखा पश्चात्ताप परवडण्याजोगाही नाही. १९५५ च्या चित्रपटातील चुनीबाला देवींच्या मुद्रेमुळे ही म्हातारी लयाला चाललेल्या युगाचे प्रतीक म्हणून स्थिरावली. आणि प्रतीक झालेल्या स्त्रीला भात लागत नाही.

महाश्वेता देवींच्या ‘स्तनदायिनी’तील यशोदेबाबतही असेच घडले. खुद्द लेखिकेने तिला स्वतंत्र भारताचे रूपक मानले, तर गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी त्याविरुद्ध जाऊन तिला श्रम करणारे शरीर म्हणून वाचले. पतीचे पाय मोटारीखाली जातात, तेव्हा धनिक हालदार घराला भरपाईची जबाबदारी जाणवते. यशोदेचा स्तन मात्र त्याच घराच्या मुलांना पाजून झिजतो आणि पुढे कर्करोगाने सडतो, तेव्हा ती कोणाचीच जबाबदारी राहत नाही. एकाच्या अपंगत्वातून हक्क निर्माण होतो, दुसरीच्या अपंगत्वाने तिची उपयुक्तता संपते.

मराठीत ‘नटसम्राट’मध्ये (१९७०) गणपतराव बेलवलकरही आपले सर्वस्व मुलांना वाटून मोकळे होतात. त्यांच्या वाट्याला स्वगते आली, आणि रसिकांनी ती पाठ केली. त्याच दारातून बाहेर पडलेल्या कावेरीचे वार्धक्य मात्र त्या स्वगतांच्या सावलीत राहिले. काकीला तर आक्रोशाखेरीज भाषाच नाही. रूपा तिच्यापुढे भरलेले ताट ठेवते, काकी खाऊ लागते आणि रूपा पाहत बसते. घरातले पुरुष झोपलेले आहेत. दानपत्राचा उल्लेख त्या रात्री कोणीही करीत नाही.