उसना उलटा क्रूस

यवतमाळहून नागपूरला जाणाऱ्या लाल गाडीत माझ्या शेजारी बसलेल्या पोराच्या काळ्या टी-शर्टवर उलटा क्रूस होता. गळ्यात मात्र सुलटा, चांदीचा. कळंब यायच्या आत बोलणं सुरू झालं. रविवारी मंडळीत उपासनेला गिटार वाजवतो म्हणाला. कानात स्लेअर हा मेटल बँड वाजत होता.

"घरी चालते काय हे?" मी विचारलं.

"बाबा म्हणतात आवाज कमी कर, काका. टी-शर्ट पाहून आजी बोलली फक्त."

"काय बोलली?"

"छापतानी उलटा झाला म्हणे. दुकानात नेऊन बदलून आण."

हेवी मेटलमधल्या धर्मद्रोहानं ख्रिस्ती माणूस दुखावतो का, यावर मी बरंच वाचलं आहे; या आजींच्या वाक्याइतकं कामाचं काही क्वचितच सापडलं. गंमत म्हणजे आजी इतिहासाच्याही जवळ आहेत. हेवी मेटलची सुरुवात मानला जाणारा ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम 13 फेब्रुवारी 1970 ला, शुक्रवारी, बाहेर पडला. त्याच्या आतल्या पानावरचा उलटा क्रूस रेकॉर्ड कंपनीनं परस्पर छापला होता, बँडला न विचारता. बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन भागातली ही कामगारांची पोरं गळ्यात सुलटे क्रूस घालत. त्यांची बहुतेक गाणी लिहिणारा गीझर बटलर कॅथलिक घरात वाढलेला. 1971 च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी'तलं त्याचं 'आफ्टर फॉरेव्हर' हे गाणं तर देवाची टिंगल करणाऱ्यांनाच जाब विचारतं. आणि उलटा क्रूस मुळात येशूच्या शिष्याचा, पेत्राचा. गुरूसारखं मरायची आपली लायकी नाही म्हणून त्यानं स्वतःला उलटं टांगून घेतलं, अशी परंपरा आहे. सैतानाकडे तो क्रूस फार उशिरा गेला.

मग दुखावलं कोण? युरोप-अमेरिकेत पुष्कळजण. आयर्न मेडन या बँडच्या 1982 च्या 'द नंबर ऑफ द बीस्ट'च्या तबकड्या अमेरिकेत जाळल्या गेल्या. धूर अंगात जाईल या भीतीनं काहींनी त्या हातोडीनं फोडल्या. नॉर्वेत गोष्ट गाण्यांपुरती राहिली नाही. 1992 च्या जूनमध्ये फान्टोफ्टचं जुनं लाकडी चर्च जाळलं गेलं आणि त्यापाठोपाठ इतरही. पोलंडमध्ये बेहेमथ या बँडच्या नेरगालनं 2007 साली मंचावर बायबल फाडलं आणि कित्येक वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढला. 2019 साली सिंगापूरनं वाटेन या स्वीडिश बँडचा कार्यक्रम ऐनवेळी रद्द केला.

आपल्याकडे चित्र वेगळं. 2006 साली मुंबईतल्या कॅथलिक संघटना रस्त्यावर आल्या त्या 'द दा विंची कोड' या सिनेमाविरुद्ध. गोव्यात तर त्यावर बंदीच आली. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1 फेब्रुवारी 2008 ला, आयर्न मेडन वांद्रे-कुर्ला संकुलात वाजवून गेले. माउंट मेरीच्या बॅसिलिकेपासून काही किलोमीटरवर हजारो पोरं घसा फोडून 666 चा जप करत होती. सिनेमा सगळ्यांना दिसतो आणि कळतो. मेटलमधली गुरगुर ऐकणाऱ्यालाही दहा वेळा ऐकल्याशिवाय लागत नाही, मग न ऐकणाऱ्याचं काय? पण हे कारण मला अर्धंच वाटतं.

उरलेलं अर्धं श्रोत्यांत आहे. आकडा घ्या. 666 ही संख्या येते 'प्रकटीकरण' या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात. आयर्न मेडनच्या गाण्याआधी भारदस्त आवाजात जे वाचन होतं ते याच पुस्तकातून बेतलेलं. मराठी बायबलात 'बीस्ट'ला 'श्वापद' असा शब्द आहे. आमच्यासारख्या हिंदू घरातल्या पोरांना कॅसेटवरचा तो राक्षस भुताच्या सिनेमातला वाटायचा. पुढ्यातल्या या पोराला मात्र श्वापद म्हणजे रोमचं साम्राज्य, छळ करणारी सत्ता, हे शब्बाथशाळेत शिकवलेलं. तो म्हणाला, "आमच्यासाठी हे सैतानाचं गाणं नाही, काका. प्रकटीकरणावरचं कीर्तन समजा." मेटलचा सर्वांत तयार वाचक ख्रिस्तीच असतो, असं माझं मत त्या बसमध्ये पक्कं झालं. ज्याला ग्रंथ पाठ आहे त्यालाच विडंबन कळतं, आणि कळलं की निम्मा डंख गळून पडतो. स्लेअरचा गायक टॉम अराया कॅथलिक आहे आणि 'गॉड हेट्स अस ऑल' नावाचा अल्बम गाऊनही कॅथलिकच राहिला. आयर्न मेडनचा ड्रमर निको मॅकब्रेन 1999 साली ख्रिस्ताकडे वळला आणि त्यानंतरही पंचवीस वर्षं श्वापदाच्या तालावर ड्रम बडवत राहिला. उलट उदाहरणही आहे. मेगाडेथच्या डेव्ह मस्टेननं ख्रिस्ती झाल्यावर, 2005 साली, रॉटिंग ख्राइस्ट या ग्रीक बँडसोबत त्यांच्याच देशात वाजवायला नकार दिला होता.

यवतमाळात ही शास्त्राची ओळख वरवरची नाही. जिल्ह्यात ख्रिस्ती लोक शंभरात एकही भरणार नाहीत, पण फ्री मेथडिस्ट मिशनची मुळं इथं जुनी आहेत आणि 1953 पासून 1983 पर्यंत, पुण्याला जाईतो, युनियन बिब्लिकल सेमिनरी इथंच होती. देशभरातले पाळक तीस वर्षं या कापसाच्या गावात हिब्रू-ग्रीक घोकत होते. आपल्या यवतमाळकरांना हे आठवत नाही. आपण शकुंतला रेल्वे आठवतो.

मराठी ख्रिस्ती संगीताचा जुना तंटाही सैतानाचा नव्हता, चालीचा होता. उपासना इंग्रजी चालीवर की देशी? रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर अभंग-ओवीच्या वळणाची ख्रिस्ती पदं लिहिली, कीर्तनं केली, आणि 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात आजही त्यांचीच पदं मोठ्या संख्येनं आहेत. ज्या समाजानं 'टाळ-तबला आपला की परका' हा प्रश्न पचवला, तो विजेच्या गिटारनं दचकत नाही. रॉक आणि ख्रिस्ताचं मराठी आवाजातलं भांडणही आपण ऐकलेलं आहे. 1974 साली अलेक पदमसींच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' या रॉक संगीतिकेत यहूदा झाला होता नंदू भेंडे. येशूला उभा-आडवा जाब विचारणारा तो शिष्य आत्माराम भेंड्यांच्या मुलानं गायला. तो द्रोह नव्हे; घरातल्या घरातलं भांडण.

घरातलं भांडण हाच माझ्या मते कळीचा मुद्दा. युरोपीय मेटलचा ख्रिस्तद्रोह चांगला वा वाईट असेल, पण त्यांचा स्वतःचा आहे. शेकडो वर्षं ज्या चर्चनं लग्न, शाळा, मसणवटा सगळं ताब्यात ठेवलं, त्याच्यावर थुंकण्यात काहीतरी पणाला लागतं. आता मुंबई-पुण्याच्या मेटलकडे पाहा. धोबी तलावच्या रंगभवनात, सेंट झेवियर्स कॉलेजच्या अगदी बाजूला, 1986 पासून इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव भरायचा. आसपासच्या इस्पितळांमुळे शांतता क्षेत्राचा नियम लागला आणि ते मैदान गप्प झालं. तिथल्या परंपरेतून आलेल्या कितीतरी बँडांची पोस्टरं मी पाहिली आहेत. जळती चर्चं, उलटे क्रूस, शिंगवाले पाद्री. ज्यांच्या आजोबांना चर्चनं कधी काही केलं नाही, त्यांनी चर्चला शिव्या द्यायच्या! हा उसना द्रोह आहे आणि म्हणून स्वस्त. कानाला दणकट, मजकुराला पोकळ.

अपवाद आहेत, आणि तेच शिकवणारे आहेत. साहिल माखिजाचा डेमॉनिक रेझरेक्शन हा मुंबईचा बँड 2000 सालापासूनचा. सुरुवातीची वर्षं राक्षसांच्या गोष्टीत गेली. 2017 साली त्यांनी 'दशावतार' काढला, प्रत्येक अवतारावर एक गाणं. घरचे देव आले, पण भांडायला नाही, गौरवायला. वाजवणं अव्वल, धार मवाळ. कोलकात्याच्या हीदन बीस्टचं पारडं नेमकं उलटं. त्यांनी 'अयोध्या बर्न्स' काढलं, 2020 मध्ये देशातल्या धर्मकारणावर आख्खा अल्बम काढला. हे वादक चेहरे झाकतात आणि नावं लावतात चार्वाक, सांख्य, मीमांसा. संगीत म्हणून मला ते एकसुरी वाटतं, खरं सांगायचं तर तिसऱ्या गाण्यानंतर कंटाळा येतो. पण फरक बघा: परक्या देवाला शिवी द्यायची तर आपण ती टी-शर्टवर छापून मिरवतो, घरच्या देवाशी भांडायचं तर तोंड झाकावं लागतं.

भावना कुठं आणि कशानं दुखावतात हे यवतमाळाला गाण्यांवरून शिकायची गरज नाही. जानेवारी 2019 मध्ये इथल्या ब्याण्णवाव्या साहित्य संमेलनाचं लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेलं उद्घाटनाचं निमंत्रण धमक्यांपुढे मागे घेतलं गेलं. पुढच्या वर्षी उस्मानाबादच्या संमेलनाला फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष झाले तेव्हा एका पाद्रीला अध्यक्ष कसं केलं म्हणून आरोळ्या झाल्या. ख्रिस्ती माणसाला असल्या आरोळीनं जी जखम होते ती नॉर्वेतल्या कुठल्याही बँडला जमणार नाही. ओस्लोतला शिवी देणारा तिथल्या बलवान चर्चला शिवी देतो; इथं शेजाऱ्यानं 'तुम्ही बाहेरचे' म्हटलं की ती शिवी पाचशे घरांच्या मंडळीला लागते.

मी पोराला विचारलं की चर्चमध्ये इतकी गाणी असताना हा गोंगाट कशाला? तो जरा थांबला. मग म्हणाला की मंडळीतली गाणी सगळी आनंदाची, विजयाची. पण शास्त्रात देवाला जाब विचारणारा ईयोब आहे. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र आहे, ते अंधारातच संपतं, शेवटी उजेड येतच नाही. "ते कोणी गात नाही. मागच्या साली आमच्या बाजूच्या गावात दोघांनी औषध घेतलं. अंत्यविधीला पण आम्ही विजयाचंच गायलो."

यावर मी काही बोललो नाही. देवळी गेलं, वर्धा आलं. उतरणाऱ्यांच्या गडबडीत त्यानं एका कानातला इअरफोन काढून माझ्याकडे दिला. मोबाईलवर स्वतःच रेकॉर्ड केलेलं: जड, संथ, गिटार एकच, मागे पंख्याची घरघर. शब्द वऱ्हाडी. ईयोब पराट्या उपटून राह्यला होता आणि देवाला विचारून राह्यला होता, माझा गुन्हा काय ते तरी सांग.

"ड्रम नाही यात," मी म्हटलं.

"ड्रमर भेटत नाही, काका. एक आहे दारव्ह्याचा, तो लग्नाच्या सीझनमध्ये बँडवाल्यांसंगं असते."

"आणि हे वाजवता कुठं? इतका आवाज?"

"चर्चच्या हॉलमध्ये. उपासना झाल्यावर. पाळकसाहेबांनी चाबी देल्ली."

"त्यांनी ऐकलं हे?"

"ऐकलं ना. म्हणाले, निघताना पंखे बंद करत जा. लाइट बिल लय येते."