टाकाऊ, टिकाऊ आणि सुंदर

'टाकाऊतून टिकाऊ' हे शब्द मराठी घरांत आता म्हणीसारखे रुळले आहेत. शाळेच्या प्रदर्शनात, महिला मंडळाच्या स्पर्धेत, वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत ते हटकून भेटतात. त्यांत अनुप्रास आहे, काटकसर आहे आणि थोडा नीतिबोधही आहे. या तिन्ही गोष्टी आपल्याला प्रिय असल्यामुळे या शब्दांची झडती घेण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. ती येथे घ्यावी असे माझ्या मनात आहे. कारण टाकून दिलेल्या वस्तूंतून जी खरोखरीची कला निर्माण होते, ती या दोन्ही शब्दांच्या पलीकडची असते, असे मला वाटते.

या घोषणेखाली प्रत्यक्षात काय चालते ते आधी पाहू. रिकामी बाटली घ्यायची, तिला सोनेरी रंग फासायचा, वर टिकल्या, लोकर, आरशांचे तुकडे चिकटवायचे आणि ती बाटली आहे हे कोणाच्या लक्षातही येऊ नये इतकी ती मढवून टाकायची. 'ओळखा पाहू, हे कशाचे केले आहे?' या प्रश्नाला पाहुण्याने हात टेकले, की करणाराला धन्य वाटते. म्हणजे सारी धडपड त्या वस्तूचे पूर्वायुष्य लपवण्याची. गरीब नातलगाला उसना कोट घालून लग्नात मिरवावे, त्यातलाच हा प्रकार. कोट बेतशीर बसेलही; पण माणूस मात्र त्यात अवघडून उभा असतो.

याच्या अगदी उलट वाटेने गेलेली एक कलाकृती सर्वांना ठाऊक आहे. १९४२ साली, पॅरिस जर्मनांच्या ताब्यात असताना, पिकासोने एका मोडक्या सायकलची सीट आणि हँडल एकत्र जोडले. बैलाचे मुंडके तयार झाले! पोळ्याला बैलाची शिंगे रंगवणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला ते समजावून सांगावे लागणार नाही. येथे काहीही लपवलेले नाही. सीट ही सीटच आहे, हँडल हे हँडलच आहे. आणि तरीही बैल आपल्याकडे रोखून पाहतो आहे. डोळा क्षणात सायकल पाहतो, क्षणात बैल, आणि या ये-जा करण्यातच त्या कृतीचे सारे सुख आहे. पुढे तिची ब्राँझमध्येही ओतीव प्रत निघाली. ब्राँझ टिकाऊ खरे. पण कातडे आणि लोखंड यांचा जो मूळचा फरक होता तो त्या एकरंगी धातूत बुजून गेला. बैल उरला, सायकल मात्र निम्मी पुसली गेली. टिकाऊपणाची किंमत ही अशी मोजावी लागते.

यावर एक आक्षेप घेता येईल, आणि तो मला रास्त वाटतो. ओळखण्याचा हा आनंद म्हणजे कोडे सुटल्याचा आनंद नव्हे काय? कोडे एकदा सुटले की त्याची गोडी संपते. कोणी नटबोल्टांचा मोर करावा, कोणी संगणकाच्या पाट्यांचा गणपती, पाहणारा 'वा!' म्हणतो आणि पुढच्या टेबलाकडे वळतो. असे का होते? माझ्या मते याचे कारण असे, की त्या नटबोल्टाला मोराशी काही सांगायचे नसते. तो केवळ आकाराने तेथे बसतो. कोणत्याही वस्तूमागे ती वापरणाऱ्या माणसांचे आयुष्य असते. ते जेव्हा नव्या कृतीत शिरते, तेव्हाच कोडे सुटल्यानंतरही आपण तेथे रेंगाळतो.

याची साक्ष चंदीगढला मिळते. नेकचंद सैनी यांचा जन्म १९२४ सालचा, आज पाकिस्तानात असलेल्या शकरगढ भागातल्या एका खेड्यातला. १९४७ च्या फाळणीत ते गाव त्यांना कायमचे सुटले. पुढे ते चंदीगढला सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्त्यांवर देखरेख करण्याच्या नोकरीला लागले. ल कॉर्बुझिए यांच्या आराखड्यानुसार तेव्हा तेथे काटकोनांचे, काँक्रीटचे नवे शहर उठत होते; आणि ते उठावे म्हणून त्या जागेवरची जुनी खेडी पाडली जात होती. त्या पाडलेल्या घरांचे अवशेष हा माणूस सायकलवरून वाहून नेत राहिला. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून सुमारे अठरा वर्षे, नोकरीचे तास संपल्यावर, सुखना तलावाजवळच्या राखीव जंगलात त्याने कोणाला न सांगता आपले राज्य वसवले. सरकारला त्याचा पत्ता लागला तो १९७५ च्या सुमारास. नियमाप्रमाणे ते पाडायचे, एवढेच सरकारच्या हाती होते. पण लोकांचा ओढा पाहून १९७६ साली ती बाग सर्वांना खुली झाली. नेकचंद यांना पगार आणि हाताखाली मजूरही मिळाले. १९८४ साली पद्मश्री आली. २०१५ साली ते वारले.

त्या बागेत फुटक्या कपबश्यांचे कपडे घातलेली माणसे आहेत, चिनी मातीच्या तुकड्यांनी मढलेले प्राणी आहेत, विजेच्या कामातल्या निकामी सुट्या भागांच्या भिंती आहेत, आणि रंगीबेरंगी बांगड्यांची वस्त्रे नेसलेल्या बायका रांगेने उभ्या आहेत. या बांगड्यांपाशी मी सर्वांत अधिक वेळ थांबलो. मराठीत बांगडी फुटली असे म्हणत नाहीत, 'वाढली' म्हणतात. अशुभ टाळण्यासाठी काढलेला हा शब्द त्या पंजाबी माणसाने, मराठी न जाणता, अक्षरशः खरा करून दाखवला. ज्या हातांतून त्या उतरल्या ते हात कोठे गेले कोण जाणे. पण त्या बायकांच्या अंगावर त्यांचा रंग अजून उजळ आहे. नेकचंद यांच्या मूर्तींचे चेहरे ओबडधोबड आणि पुष्कळसे सारखे आहेत. शिल्पशास्त्राच्या दृष्टीने हा दोष ठरेल. मला तो दोष वाटत नाही. उठवलेल्या गावाची माणसे अशीच रांगेने उभी राहतात, आणि सरकारी कागदावर त्यांचे चेहरे असेच सारखे दिसतात.

मात्र सारीच बाग या उंचीची नाही. नंतरच्या काळात, मजूर आणि पैसा हाताशी आल्यावर बांधलेल्या भव्य कमानी, त्यांना टांगलेले झोके, धबधबे हे पाहायला येणाऱ्या कुटुंबांना आवडतात. मुलांना तर फारच. पण तेथे काँक्रीट अधिक बोलते आणि फुटका कप कमी. एकट्या माणसाने रात्री-बेरात्री केलेल्या कामातली आर्तता त्या भव्यतेत पातळ झाली आहे. वस्तूंची आठवण जेथे संपते तेथे निव्वळ प्रेक्षणीय स्थळ सुरू होते.

इतके दूर न जाताही हा फरक कळतो. आपली गोधडी घ्या. 'ती तर उपयोगाची वस्तू, ती कला कशी?' असे कोणी विचारील. उपयोगाची आहेच, पण थंडी वारायला दुकानातले ब्लँकेटही पुरते. जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे थर एकावर एक घालून, धावदोऱ्याच्या ओळी आतून आतून नेत बाई जेव्हा गोधडी शिवते, तेव्हा कोणता तुकडा कोठे जावा याचा ती विचार करते. हे आजीचे इरकली, हे धाकट्याचे झबले, हा आत्याच्या लग्नातल्या खणाचा तुकडा, असे पोर बोट ठेवून ओळखते आणि झोपी जाते. तुकडे ओळखू येणे हा तेथे दोष नाही. तोच तिचा प्राण आहे. आजकाल नव्याकोऱ्या कापडाला मुद्दाम ठिगळे जोडून गोधड्या विकतात. दिसायला त्या अधिक नेटक्या असतात. पण त्यांत ओळखण्यासारखे कोणी नसते.

आता त्या 'टाकाऊ' शब्दाकडे वळू. पुण्यात १९९३ साली कचरा वेचणाऱ्यांनी आपली संघटना बांधली. तिचे नाव 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत'. या नावात 'कचरा' हा शब्द कोठेही नाही, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. ज्याला आपण एकगठ्ठा कचरा म्हणतो, त्यात त्यांना कागद दिसतो, काच दिसते, पत्रा दिसतो. पोटासाठी का होईना, प्रत्येक वस्तूला तिच्या नावाने हाक मारणे हे त्यांचे रोजचे काम आहे. कलावंताची पहिली पायरीही हीच. त्याच्या डोळ्यांना टाकाऊ असे काही दिसतच नाही. म्हणून तर तो ते उचलतो.

मी शाळामास्तर आहे, त्यामुळे या विवेचनाचा शेवट मुलांपाशी होणे अपरिहार्य आहे. आज 'टाकाऊतून टिकाऊ' करण्यासाठी पालक स्टेशनरीच्या दुकानातून आइस्क्रीमच्या काड्यांचे नवे कोरे पुडके विकत आणतात. आइस्क्रीम कोणी खाल्लेले नसते! वर चकमकीचे कागद, डिंकाच्या नळ्या. आणि प्रदर्शन संपले की हे सारे नव्याने कचऱ्यात. याउलट अरविंद गुप्ता यांनी काड्यापेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून मुलांना त्रिकोण, चौकोन जोडायला शिकवले. तेथे काडी ही काडीच राहते, आणि म्हणूनच त्रिकोण का डळमळत नाही हे पोराला कळते. लपवण्यासारखे काही नसले की शिकण्यासारखे पुष्कळ उरते.

आणि 'टिकाऊ'? या दिवाळीतही अनेक अंगणांत किल्ले उभे राहिले असतील. प्लास्टरचे तयार किल्ले बाजारात मिळतात. ते धुऊन-पुसून पुढच्या वर्षी पुन्हा मांडता येतात. पण विटांचे तुकडे, फुटकी कौले, जुने गोणपाट आणि वर माती लिंपून केलेल्या किल्ल्यावर अळीव उगवतात तसे त्यांच्यावर उगवत नाहीत. फुटक्या फरशीचा महादरवाजा झालेला असतो. ती फरशी आहे हे पोरांना ठाऊक असते, आणि तो महादरवाजा आहे याविषयीही त्यांच्या मनात शंका नसते. तुळशीच्या लग्नापर्यंत हा किल्ला ढासळतो. ढासळू द्यावा. त्याला नंबर देण्याची घाई करू नये, आणि कोणी मूल मोडक्या वस्तूकडे टक लावून पाहत बसले असेल, तर 'टाक ते' असे त्याला चटकन म्हणू नये.