अवटू, अधिवृक्क आणि मराठी परिभाषा : एक चिकित्सा

तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाने थायरॉईडसाठी 'अवटु ग्रंथि' आणि अ‍ॅड्रिनलसाठी 'अधिवृक्क ग्रंथि' या संज्ञा योजल्या. त्या काटेकोर आहेत. परंतु मुलुंड वा बोरिवलीच्या दवाखान्यात त्या सहसा कानी पडत नाहीत. तेथे रुग्ण म्हणतो, 'मला थायरॉईड आहे.' येथे ग्रंथीचे नाव हेच रोगाचे नाव होऊन बसते. वस्तुतः ग्रंथी प्रत्येकासच असते! स्राव कमी की अधिक, हे या वाक्यातून कळत नाही. आणि उपचारांच्या दृष्टीने हे दोन विकार परस्परविरोधी आहेत. एकात थायरॉक्सिनची उणीव भरून काढावयाची, तर दुसऱ्यात त्याची निर्मिती रोखावयाची.

'गलगंड' हा जुना शब्द डोळ्यांना दिसणाऱ्या सुजेपुरताच मर्यादित आहे. १९६२ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रमाचे १९९२ मध्ये नामांतर होऊन 'आयोडीन न्यूनताजन्य विकार' ही व्यापक संज्ञा आली. शासनाने केलेली ही दुरुस्ती लोकव्यवहारात मात्र पोहोचली नाही. भांडुप-मुलुंडची मिठागरे नजरेसमोर असल्याने समुद्राच्या मिठात आयोडीन असणारच, हा समजही असाच चुकीचा. साध्या सागरी मिठात ते नगण्य असते. शिवाय प्रश्न केवळ आयोडीनचा नाही. मुंबईसह आठ शहरांतील ५,३७६ प्रौढांच्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १०.९५ टक्के व्यक्तींमध्ये अवटू-न्यूनता आढळली, आणि पाहणीतील एकूण व्यक्तींपैकी ३.४७ टक्क्यांना आपल्या विकाराची कल्पनाच नव्हती. लोकलच्या प्रवासाने येणारा थकवा आणि हा थकवा यांत फरक करण्यासाठी रक्ततपासणीच लागते.

'अधिवृक्क' या शब्दाची अडचण वेगळी. वृक्क म्हणजे मूत्रपिंड, हे ठाऊक असल्याविना तो उलगडत नाही. थॉमस अ‍ॅडिसन यांनी १८५५ मध्ये वर्णिलेल्या विकारात थकवा, वजनघट, काळवंडणारी त्वचा व घटता रक्तदाब ही लक्षणे दिसतात. क्षयरोग हे त्याचे एक महत्त्वाचे कारण आहे. दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉईडची गोळी अचानक थांबविल्यास मंदावलेली ग्रंथी गरजेपुरते कॉर्टिसॉल स्रवू शकत नाही व जिवावर बेतते. आरोग्यपुरवण्यांतील लेखनात स्टेरॉईडच्या दुष्परिणामांना जितकी जागा मिळते, तितकी या धोक्यास मिळत नाही.

दोन्ही ग्रंथी एकाच वेळी दुबळ्या असतील, तर प्रथम कॉर्टिसॉलची उणीव भरून काढावी लागते. केवळ थकवा पाहून आधी थायरॉक्सिन सुरू केल्यास अधिवृक्कीय संकट ओढवू शकते. आणि 'थायरॉईड आहे' एवढेच सांगणाऱ्या रुग्णाकडून हा क्रम डॉक्टरांना कळण्याचा मार्ग नसतो.