व्हॉल्व्हच्या आवाजाचे टिकून राहिलेले आकर्षण : बंद झालेल्या दोन यंत्रांच्या निमित्ताने एक चिकित्सा

प्रास्ताविक

तंत्रज्ञानाच्या इतिहासात जुने यंत्र मागे पडणे आणि त्याची जागा नव्याने घेणे ही नित्याची घटना आहे. टंकलेखन यंत्र कार्यालयांतून गेले, तारसेवा २०१३ मध्ये बंद झाली. त्यांच्याविषयी हळहळ व्यक्त झाली. परंतु तारेने कळविलेली बातमी अधिक चांगली असते, असा दावा कोणी केला नाही. निर्वात नलिकेच्या, म्हणजेच बोलभाषेतील व्हॉल्व्हच्या, आवाजाबाबत मात्र नेमका असाच दावा केला जातो. ट्रान्झिस्टरने व्हॉल्व्हला हटवून अर्धशतक लोटले, तरी व्हॉल्व्हचा आवाज ‘अधिक चांगला’ होता, असे म्हणणारे श्रोते आणि वादक आजही आढळतात.

प्रस्तुत लेखाचा हेतू या दाव्याची चिकित्सा करणे हा आहे. त्यासाठी दोन यंत्रे विचारात घेतली आहेत. पहिले, मराठी घरांतील व्हॉल्व्हचा रेडिओ; ठाण्याच्या कारखान्यात तयार होणारा मर्फी हा त्याचा सर्वपरिचित नमुना. दुसरे, बेस गिटार या खर्जातील वाद्यासाठी अमेरिकेतील जेन्झ बेन्झ या कंपनीने तयार केलेला ‘स्ट्रीमलाइनर’ हा वजनाने हलका विवर्धक. दोन्ही यंत्रांचे उत्पादन थांबलेले आहे आणि दोहोंचे चाहते टिकून आहेत. वरवर पाहता त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. तथापि रेडिओच्या बाबतीत जी कारणे एकमेकांत मिसळून गेली आहेत, ती या विवर्धकात सुटी झालेली दिसतात. तुलनेचे प्रयोजन एवढेच आहे.

स्मरणरंजनाचे स्पष्टीकरण आणि त्याची मर्यादा

या आकर्षणाचे सर्वाधिक प्रचलित स्पष्टीकरण स्मरणरंजनाचे आहे आणि ते निराधार नाही. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले, तेव्हा नागपूर हे मध्यप्रांत व वऱ्हाडच्या राजधानीचे शहर होते. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, पुणे केंद्रावरून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांच्या गीतरामायणाचे प्रसारण सुरू झाले आणि पुढे वर्षभरात त्यातील ५६ गीते महाराष्ट्राने ऐकली. जगातील पहिला व्यापारी ट्रान्झिस्टर रेडिओ अमेरिकेत १९५४ च्या अखेरीस नुकताच विक्रीस आला होता. साहजिकच गीतरामायण घरी ऐकणारा मराठी श्रोता ते व्हॉल्व्हमधूनच ऐकत होता. त्या स्वरांची स्मृती आणि त्या यंत्राची स्मृती एकमेकींपासून वेगळी करणे त्याला शक्य नव्हते.

पुढील बदल वेगाने घडला. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने रेडिओचे व्हॉल्व्ह १९६१ मध्ये बनविण्यास प्रारंभ केला आणि जर्मेनियमची अर्धवाहक साधने १९६२ मध्ये. म्हणजे देशी व्हॉल्व्ह तयार होऊ लागला, तेव्हाच त्याची जागा घेणारी वस्तूही तयार होऊ लागली होती. व्हॉल्व्हचा रेडिओ घराघरांतून निघून गेला. मर्फीच्या जाहिरातीतील बाळ मात्र लोकस्मृतीत इतके राहिले की २०१२ मध्ये आलेल्या ‘बर्फी!’ या हिंदी चित्रपटाच्या नायकाचे नाव त्यावरूनच आले.

असे असले तरी या स्पष्टीकरणाला दोन मर्यादा आहेत. पहिली मर्यादा अशी की, ज्यांच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ कधी वाजलाच नाही, असे विशी-पंचविशीतील वादकही व्हॉल्व्हचा विवर्धक शोधत असतात. नसलेल्या स्मृतीचे रंजन होत नाही. दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे. स्मरणरंजन हे कारण एकदा मान्य केले की चर्चा श्रोत्याच्या मनाविषयी होते, आवाजाविषयी होत नाही. समीक्षेचे काम तेथे संपत नाही. किंबहुना ते तेथून सुरू व्हावयास हवे.

मापन काय सांगते?

व्हॉल्व्हच्या रेडिओच्या आवाजात व्हॉल्व्हशिवाय इतरही घटक होते. मध्यम लहरींवरील केंद्रांना एकमेकांपासून नऊ-दहा किलोहर्ट्झचेच अंतर मिळत असल्यामुळे रेडिओतून साधारण पाच किलोहर्ट्झच्या वरचे स्वरांश जवळजवळ पोहोचतच नसत. त्यामुळे तीक्ष्णपणा आपोआप कमी होई. लाकडी पेटी आणि त्यातील मोठा स्पीकर खालच्या स्वरांना घुमारा देत. ज्याला आज ‘व्हॉल्व्हचा गोल आवाज’ म्हटले जाते, त्यातील बराच भाग या दोन गोष्टींचा आहे आणि त्याचे श्रेय व्हॉल्व्हला देणे योग्य नाही.

मग व्हॉल्व्हचे स्वतःचे असे काय उरते? या संदर्भात दोन प्रयोग उद्‌बोधक आहेत. १९७३ मध्ये रसेल हॅम यांनी अमेरिकेतील ध्वनि-अभियांत्रिकीच्या नियतकालिकात व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर यांची तुलना प्रसिद्ध केली. क्षमतेपेक्षा अधिक भार पडल्यावर दोहोंच्या आवाजातील फरक स्पष्ट होतो, असे त्यांनी दाखविले. याउलट १९७८ मध्ये इंग्लंडमध्ये जेम्स मॉयर यांनी क्वाड कंपनीचा व्हॉल्व्हचा एक आणि ट्रान्झिस्टरचे दोन विवर्धक, कोणता वाजत आहे हे न सांगता, जाणत्या श्रोत्यांना ऐकविले. क्षमतेच्या मर्यादेत वाजणाऱ्या या यंत्रांमधील भेद श्रोत्यांना ओळखता आला नाही.

हे दोन निष्कर्ष परस्परविरोधी वाटतात, पण ते परस्परपूरक आहेत. मर्यादेच्या आत चांगला व्हॉल्व्ह आणि चांगला ट्रान्झिस्टर सारखेच बोलतात. त्यांचा स्वभाव मर्यादा ओलांडताना प्रकट होतो. ट्रान्झिस्टरचा विवर्धक शेवटपर्यंत शुद्ध राहतो आणि मग ध्वनिलहरीचा माथा एकाएकी छाटून टाकतो. त्यातून वरच्या क्रमांकाचे कर्कश उपस्वर निर्माण होतात. व्हॉल्व्ह आधीपासून थोडाथोडा नमत जातो. त्यातून प्रामुख्याने दुसरा आणि तिसरा असे खालचे उपस्वर वाढतात. संगीताच्या भाषेत दुसरा उपस्वर म्हणजे मूळ स्वराचे वरचे सप्तक आणि तिसरा म्हणजे त्या सप्तकातील पंचम.

येथे वापराचा मुद्दा निर्णायक ठरतो. घरगुती रेडिओतील ईएल-८४ सारखा शेवटचा व्हॉल्व्ह चार-पाच वॅटच्या पलीकडे शक्ती देत नसे. ओसरीवरचा रेडिओ अंगणातील माणसांनाही ऐकू जावा, म्हणून त्याचा आवाज वाढविला जाई आणि तबल्याची थाप किंवा खंजिरीचा आघात आला की यंत्र आपल्या मर्यादेला टेके. श्रोत्याला आवडलेला आवाज हा केवळ व्हॉल्व्हचा नव्हता. तो कमी शक्तीच्या व्हॉल्व्हवर पडलेल्या भाराचा होता.

जवारीचा दृष्टान्त

या आवाजाचे वर्णन करण्यासाठी अलीकडे ‘उबदार’ हे विशेषण वापरले जाते. ते इंग्रजीतून उसने घेतलेले आहे आणि त्यातून काहीच नेमके कळत नाही. मराठीत आवाजासाठी गोल, भरीव, घुमारदार, खणखणीत, बोदा असे शब्द आहेत आणि या सर्वांहून अधिक नेमकी अशी एक संकल्पना आहे : जवारी. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची घोडी घासून तिला जो सूक्ष्म उतार देतात आणि तिच्यावर तारेखाली सुताचा धागा सरकवून जो आवाज ‘उघडतात’, त्याचे स्वरूप उपस्वरांच्या समृद्धीचे असते. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी (जे १९१० मध्ये सरकारी नोकरीनिमित्त काही काळ नागपुरातही होते) भारतीय तंतुवाद्यांवरील आपला शोधनिबंध १९२१ मध्ये प्रसिद्ध केला. तार ज्या बिंदूवर छेडली जाते, तेथे ज्यांचा स्थिरबिंदू येतो ते उपस्वर नियमाप्रमाणे उमटू नयेत; पण तंबोऱ्यात आणि वीणेत ते ठळकपणे उमटतात आणि त्याचे कारण घोडीच्या वक्रतेत आहे, असे त्यांनी दाखविले. षड्जाच्या तारेतून ऐकू येणारा स्वयंभू गंधार, म्हणजे पाचवा उपस्वर, हा याच समृद्धीचा परिचित अनुभव होय.

तात्पर्य, मूळ स्वरात भर घालणारे साधन सदोष मानावे, असे आपल्या संगीतव्यवहाराने कधी मानले नाही. ध्वनियंत्र म्हणजे स्वच्छ काच, तिने स्वतःचे काहीही मिसळू नये, ही कल्पना ध्वनिमुद्रणाच्या उद्योगातून आली. त्या कल्पनेनुसार व्हॉल्व्ह सदोष ठरतो. जवारीच्या कल्पनेनुसार तो वाद्याच्या कुळातील ठरतो.

हा दृष्टान्त मात्र एका मर्यादेपर्यंतच न्यावा लागतो. तंबोऱ्याची तार स्वतःचेच उपस्वर वाढविते. व्हॉल्व्ह मात्र त्याच्यातून जाणाऱ्या सर्व स्वरांवर एकत्र क्रिया करतो आणि दोन स्वर एकाच वेळी आले की त्यांच्या बेरजेचे व वजाबाकीचे नवे स्वरही निर्माण करतो. षड्ज-पंचमासारख्या नात्यात हे नवे स्वर त्याच मालिकेत बसतात. दाट वाद्यमेळात मात्र त्यांचा गढूळपणा जाणवतो. म्हणूनच एकल गळा आणि मोजकी साथ असलेले भावगीत व्हॉल्व्हमधून खुलते आणि मोठा वाद्यवृंद दबल्यासारखा वाटतो. ‘व्हॉल्व्हचा आवाज चांगला’ हे सरसकट विधान या कारणाने टिकत नाही. ‘एका वेळी एक स्वर चालविणाऱ्या संगीताला तो मानवतो’, हे विधान टिकते.

हलक्या पेटीतील तीन व्हॉल्व्ह

बेस गिटार हे बहुतांशी एका वेळी एकच स्वर वाजविणारे वाद्य आहे. वरील विधानाची परीक्षा तेथे होऊ शकते. या वाद्यासाठी अमेरिकेतील अँपेग कंपनीने १९६९ मध्ये आणलेला एसव्हीटी हा विवर्धक ३०० वॅटचा होता. त्यात १४ व्हॉल्व्ह होते आणि स्पीकरची पेटी वगळता त्याचे वजनच ३५ किलोहून अधिक होते. त्याचा आवाज आदर्श मानला गेला. परंतु जिन्यावरून तो चढविणे ही वादकाची कायमची अडचण ठरली. जड लोखंडी ट्रान्सफॉर्मरची गरज न ठेवणारा वीजपुरवठा आणि ट्रान्झिस्टरला केवळ चालू-बंद अशा दोनच अवस्थांत वेगाने फिरविणारी विवर्धनाची पद्धत प्रचारात आल्यावर हे वजन एकदम उतरले. स्ट्रीमलाइनर ९०० या विवर्धकात अशी ९०० वॅटची शक्ती सुमारे तीन किलो वजनात सामावलेली होती आणि तिच्या आधीच्या टप्प्यात १२एएक्स७ जातीचे तीन व्हॉल्व्ह बसविलेले होते. फेंडरच्या मालकीत गेलेल्या जेन्झ बेन्झचे उत्पादन २०१० च्या दशकाच्या पूर्वार्धात थांबले. तरीही या यंत्राचे नाव वादक आदराने घेतात.

या यंत्रात लाकडी पेटीचा घुमारा नाही, मध्यम लहरींची मर्यादा नाही, शक्ती देणारे मोठे व्हॉल्व्ह नाहीत आणि बालपणीची आठवणही नाही. उरतो तो केवळ भाराखाली नमणारा स्वरटप्पा. ९०० वॅटची शक्ती सहसा मर्यादेला पोहोचत नाही. म्हणून नमण्याची जागा रचनाकारांनी मुद्दाम आधी निर्माण केली. रेडिओत जी यंत्राची असहायता होती, ती येथे वादकाच्या हातातील निवड झाली. आकर्षण तरीही टिकले, यावरून त्याचा गाभा वजनात, तांबूस प्रकाशात किंवा स्मृतीत नसून आवाजाच्या नमण्याच्या रीतीत आहे, असे म्हणता येते.

अर्थात येथेही सावधगिरी आवश्यक आहे. या विवर्धकाच्या आवाजात व्हॉल्व्हइतकाच वाटा स्वराची घडण ठरविणाऱ्या इतर मंडलांचा आहे. शिवाय उत्पादन थांबलेल्या वस्तूची स्तुती दुर्मीळतेमुळेही वाढते. मात्र दुर्मीळतेने किंमत वाढते. न आवडणारा आवाज तिने आवडता होत नाही.

समारोप

वरील विवेचनातून एक विसंगती पुढे येते. मर्फीसारख्या रेडिओचे सुटे भाग हाताने डाग देऊन जोडलेले असत. गल्लीतील कारागीर ते बदलू शकत असे. हलक्या विवर्धकाचे पट्ट्यांवर दाटीने बसविलेले बारीक भाग जळाले, तर कंपनी नसताना तो दुरुस्त होणे कठीण असते. १२एएक्स७ हा व्हॉल्व्ह रशिया, चीन आणि स्लोव्हाकिया येथे आजही तयार होतो. त्याच्याभोवतीचे नवे यंत्र मात्र त्याच्याआधी नष्ट होण्याची शक्यता आहे.

जुन्या रेडिओच्या जतनाबाबतही हाच प्रश्न गंभीर आहे. जुनी लाकडी पेटी रिकामी करून तिच्यात ब्लूटूथची पट्टी बसविण्याची रीत रूढ झाली आहे. दिवाणखान्याची शोभा त्याने वाढते. परंतु ज्या आवाजासाठी ती वस्तू जपावी, तो आवाजच त्यात काढून टाकला जातो. स्मरणरंजनाचे स्पष्टीकरण पुरेसे मानल्याचा हा थेट परिणाम आहे. आठवण पेटीने भागते. आवाज भागत नाही.

महाविद्यालयांच्या भौतिकशास्त्र विभागांत निर्लेखनाच्या यादीत आलेली व्हॉल्व्हची उपकरणे आजही असू शकतात आणि संगीत विभागांत जवारी ओळखणारे कान आहेत. चालू स्थितीतील व्हॉल्व्हच्या रेडिओचे विविध भारांखालील आवाज ध्वनिमुद्रित करणे, त्यांतील उपस्वर मोजणे आणि ते मराठीतील नेमक्या शब्दांशी जोडणे हे काम या दोन विभागांनी एकत्र केल्यास होण्याजोगे आहे. त्यासाठी फारसा खर्च लागत नाही. ती उपकरणे भंगारात जाण्यापूर्वी ते व्हावे, एवढीच त्याची अट आहे.