गणवेश, दाढी आणि धर्म : वायुसेनेच्या नियम ४२५ ची चिकित्सा

लष्करी गणवेशाचा नियम कापडापाशी थांबत नाही. केस, दाढी, कर्णभूषणे, कपाळावरील गंध यांवरही तो अधिकार सांगतो. नोव्हेंबर १८०५ मध्ये मद्रास सैन्यात गंध, कर्णभूषणे व दाढी यांस मनाई करून शिपायांच्या डोक्यावर नवी पगडी चढविण्यात आली. १० जुलै १८०६ रोजी वेल्लोरला उठाव झाला आणि ते हुकूम मागे घ्यावे लागले.

प्रस्तुत लेखात सर्वोच्च न्यायालयाच्या १५ डिसेंबर २०१६ च्या निकालातील युक्तिवाद तपासावयाचा आहे. वायुसेनेतील एका मुस्लिम सैनिकास दाढी ठेवल्यावरून २००८ मध्ये सेवामुक्त करण्यात आले होते. न्यायालयाने ती कारवाई योग्य ठरविली. १९६४ च्या नियमावलीतील नियम ४२५ प्रमाणे, ज्यांच्या धर्मात केस कापणे वा चेहऱ्यावरील केस काढणे निषिद्ध आहे, त्यांनाच ते राखण्याची मुभा मिळते. इस्लाममध्ये असा निषेध सिद्ध झाला नाही, हे निकालाचे एक कारण. दलातील एकरूपता व शिस्त हे दुसरे.

ही दोन कारणे एकमेकांस पूरक भासतात. वस्तुतः ती परस्परांस छेद देतात. एकरूपता अनिवार्य असेल तर शीख सैनिकाचा अपवाद एकरूपतेच्या तत्त्वातून निघत नाही; तो श्रद्धेच्या आदरातूनच निघतो. आणि श्रद्धेचा आदर करावयाचा तर ‘निषेध आहे की नाही’ हा धर्मशास्त्राचा प्रश्न न्यायासनापुढे येतो. अनेक मुस्लिम दाढीस सुन्नत मानतात. आज्ञा आणि अनुकरणीय आचार यांतील हा सूक्ष्म भेद छावणीतील अधिकाऱ्याने कसा मोजावा? शिवाय १ जानेवारी २००२ पूर्वी दाढीसह भरती झालेल्या मुस्लिम सैनिकांना ती राखू देण्यात आली होती. त्यांच्यामुळे शिस्त ढासळली नसेल, तर त्या तारखेनंतरच्या दाढीत वेगळे काय आहे? भारतीय नौदलात तर धर्माची चौकशी न करता, नीटनेटकेपणाच्या अटीवर, दाढीस परवानगी मिळू शकते. हा मार्ग अधिक सरळ वाटतो.

अर्थात घटनेच्या अनुच्छेद ३३ ने सशस्त्र दले आणि सार्वजनिक सुव्यवस्था राखणारी दले यांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेस दिला आहे, आणि तो रास्तच आहे. आक्षेप मर्यादेस नाही, तिच्या मोजपट्टीस आहे.

मराठवाड्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. जालना येथील राज्य राखीव पोलीस दलातील एका शिपायास २०१२ मध्ये दाढीची परवानगी मिळाली आणि त्याच वर्षी ती काढून घेण्यात आली. उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१२ मध्ये त्याची याचिका फेटाळली. एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दाढीविना सेवेत परतण्याचा पर्याय सुचविला. त्याने तो स्वीकारला नाही. आमच्या तेलगाव परिसरातील ऊसतोड कामगारांची मुले पहाटे रस्त्यावर धावून पोलीस व सैन्यभरतीची तयारी करतात, म्हणून या नोकरीचे मोल येथे कोणास समजावून सांगावे लागत नाही. त्यांतील कित्येकांच्या गळ्यात तुळशीची माळ असते. ती सदऱ्याआड झाकली जाते, म्हणून तिच्यावर वाद होत नाही. दाढी झाकता येत नाही. जालन्याचे ते प्रकरण ऐकून घेण्यास सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये, म्हणजे परवानगी काढून घेतल्यापासून सुमारे १२ वर्षांनी, पुन्हा संमती दिली.