चौदा दिवस आणि नववे वर्ष

२०२० साली टाळेबंदी लागली आणि मराठीत कवितांचे पीक आले. घराच्या खिडकीला तुरुंगाचे गज दिसू लागले, 'आपण सारेच कैदी' ही ओळ कवीमागून कवीने आळवली. त्या कवितांत आमच्याही काही होत्या. बेहरूझ बूचानी यांचे 'नो फ्रेंड बट द माउंटन्स' हे २०१८ चे पुस्तक आता पुन्हा वाचताना त्या प्रतिमेचा संकोच वाटतो.

क्वारंटाईन या शब्दाच्या मुळाशी व्हेनिसच्या बोलीतला चाळीस हा आकडा आहे. साथीच्या काळात जहाजाने बंदराबाहेर ४० दिवस थांबायचे. आपल्याला हा आकडा परका नाही. सूफींचा चिल्ला ४० दिवसांचा, मयताचा चाळीसावाही तेवढ्याच दिवसांनी. आकडा कठोर असतो, पण तो सरतो. विलगीकरण सोसवते ते त्याला शेवट असतो म्हणून.

मेलबर्नमधील एका हॉटेलात २०२० साली परदेशातून परतलेल्या प्रवाशांना १४ दिवस ठेवले जाई. पुढे नाव बदलून ते 'पार्क हॉटेल' झाले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरपासून तिथे आश्रय मागणारी माणसे पहाऱ्यात ठेवली गेली. बोटीतून आली म्हणून ऑस्ट्रेलियाने त्यांना २०१३ मध्ये मानुस आणि नाऊरू बेटांवर धाडले होते. २०१९ च्या एका कायद्यान्वये ती उपचारांसाठी ऑस्ट्रेलियात आणली गेली होती. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिथे करोना शिरला आणि वीसहून अधिक जणांना लागण झाली. जानेवारी २०२२ मध्ये टेनिसपटू नोव्हाक जोकोविच काही दिवस तिथे अडकला, तेव्हा जगाला त्या खिडक्यांमागचे चेहरे दिसले. काहींच्या कैदेचे ते नववे वर्ष होते. शेवटची माणसे एप्रिल २०२२ मध्ये सुटली. इमारत एकच, एकाला १४ दिवसांचा हिशेब, दुसऱ्याला हिशेबच नाही.

बूचानींचे पुस्तक या बिनहिशेबी काळाचे आहे. मानुस बेटावरच्या छावणीत त्यांनी ते फारसीत, मोबाईलवर, व्हॉट्सॲपच्या संदेशांतून तुकड्यातुकड्यांनी लिहिले. ओमिद तोफिगियान यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला. जानेवारी २०१९ मध्ये त्याला व्हिक्टोरियन साहित्य पुरस्कार मिळाला, तेव्हा लेखक बेटावरच होता. गद्याच्या मध्येच कविता येते. जेवणाची रांग, फोनची रांग, बंद पडणारा जनरेटर, तुंबलेली शौचालये यांची वर्णने पुन्हा पुन्हा येतात. वाचक कंटाळतो, आणि त्याने कंटाळावे हेच योग्य आहे. माणसाला थांबवून ठेवणे हाच छळ कसा होतो, हे त्या पुनरुक्तीतूनच कळते. बूचानी केवळ व्यथा सांगत नाहीत. एकावर एक रचलेल्या सत्तांच्या त्या यंत्रणेला ते नाव देतात, तिची मीमांसा करतात. म्हणून या पुस्तकाला निव्वळ 'साक्ष' म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

एक उणीव मात्र नोंदवली पाहिजे. सोबत्यांना ते टोपणनावे देतात. त्यामुळे माणसे ओळखीपासून सुरक्षित राहतात, पण काहींचे नुसते मुखवटे होतात. तरीही छावणीने त्यांना नावाऐवजी क्रमांक दिले होते, हे विसरता येत नाही. माणसांवर आकडा लादला गेला. कैदेच्या दिवसांना मात्र तो मिळाला नाही.

आता आपल्या वाचनाविषयी. २०२० मध्ये साथीचे खापर तबलीगच्या जमातींवर फोडले गेले. अहमदनगर जिल्ह्यात २९ परदेशी पाहुण्यांवर गुन्हे दाखल झाले. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते रद्द केले आणि या लोकांना बळीचा बकरा केल्याचे नमूद केले. ती जखम ओली असल्याने बूचानी आपल्याला चटकन 'आपले' वाटतात. इथेच थबकले पाहिजे. बूचानी कुर्द आहेत. कुर्दी नियतकालिकात लिहिणारा हा पत्रकार २०१३ मध्ये पळाला तो इराणमधून, इस्लामी म्हणवणाऱ्या राजवटीतून. त्यांच्या पुस्तकाला आपल्या गाऱ्हाण्याचा पुरावा करायचा आणि हे पान मात्र उलटून टाकायचे, असे वाचन प्रामाणिक नव्हे.

आपली कालगणनाच हिजरतीपासून सुरू होते. त्याआधी मक्केतले छळलेले मुसलमान हबशाला गेले, तेव्हा त्यांना आसरा देणारा नजाशी ख्रिस्ती राजा होता. आश्रयाची ही गोष्ट आपण मुलांना सांगतो. मग आश्रिताचे पुस्तक वाचताना, आपल्यातल्या कुणी त्याला देश सोडायला लावला, हेही विचारायला हवे.

जुलै २०२० मध्ये, जग दारे बंद करून बसले असताना, न्यूझीलंडने बूचानींना आश्रय दिला. त्याच दिवसांत आम्ही घरात बसून कैदेवर कविता लिहीत होतो. आमच्या दाराची कडी आतून होती. पुढच्या संग्रहात त्या कविता घेणार नाही.